यंत्रकार आणि शब्द

स्वतःच्या हाताने बिनतारी प्रक्षेपक बांधणाऱ्या मनुष्यास, त्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या शब्दांची जबाबदारी नाकारता येते काय? प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. परंतु तो नीतीचा आहे, आणि मुंबईत १९४२ साली तो केवळ वादापुरता राहिलेला नव्हता.

लोहार तलवार घडवितो, ती कोणाच्या मानेवर पडावी हे तो ठरवीत नाही, असा एक जुना युक्तिवाद आहे. तो सर्वस्वी पोकळ आहे असे आम्ही म्हणत नाही. तयार संच विकणाऱ्या व्यापाऱ्यास त्याचा थोडाफार आश्रय घेता येईल. हौशी बिनतारीकाराची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि ती का निराळी हे समजण्यासाठी त्याचे काम जवळून पाहावयास हवे.

एबोनाइटच्या किंवा पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याची तार वेढा वेढा मोजून गुंडाळावयाची. दोन वेढे कमीअधिक झाले की लहर भलतीकडेच जाते. काचेच्या व्हॉल्व्हमध्ये फिलामेंट तापते, तापल्याने सुटलेले विद्युत्कण प्लेटकडे धावतात, आणि मधल्या जाळीवरील अल्पशा विद्युद्दाबाने त्या धावेवर ताबा ठेवता येतो. एवढ्या एका युक्तीवर सारा खेळ उभा आहे. प्लेटला शेकडो व्होल्ट लागतात. म्हणून जाणता हौशी चालू यंत्राला हात लावण्याची वेळ आली तर दुसरा हात खिशात ठेवतो. विजेला छातीतून वाट मिळू नये हा हेतू. बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहिलेली असते, ती मोकळी केल्यावाचून तो आत बोट घालीत नाही. ज्याला आपल्या यंत्राची इतकी खोड ठाऊक, त्याने ‘त्यातून काय निघते ते मला काय माहीत’ असे म्हणावे हे शोभत नाही. (विकतच्या संचाची कळ फिरविणाऱ्या आम्हांस ही सबब अधिक शोभेल.)

अशा हौशी मंडळींनी स्वीकारलेला धर्मही मोठा सोज्ज्वळ असतो. बोलण्यापूर्वी ऐकावयाचे. सरकारने दिलेले संकेतनाम वेळोवेळी उच्चारावयाचे, म्हणजे निनावी बोलावयाचे नाही. पैसे घ्यावयाचे नाहीत, आणि सर्वसाधारण जनतेसाठी बातम्या प्रसृत करावयाच्या नाहीत. १९३३ च्या बिनतारी कायद्याने तर विनापरवाना यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही अपराध ठरविला होता. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच हौशी प्रक्षेपकांवर बंदी आली आणि यंत्रे सरकारजमा करण्याचे हुकूम सुटले.

अशा काळी, १९४२ च्या ऑगस्टमध्ये, ‘छोडो भारत’च्या ठरावानंतर नेते तुरुंगात गेले आणि वृत्तपत्रांचे तोंड बांधले गेले, तेव्हा मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालविला. यंत्राचे काम नरिमान प्रिंटर या हौशी बिनतारीकाराकडे होते. राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन यांचे साह्य होते. जागा वारंवार बदलावी लागे. चितगावावरील बॉम्बवर्षाव, जमशेदपूरचा संप, आष्टी-चिमूरचे अत्याचार, अशा दडपलेल्या वार्ता या केंद्रावरून सांगितल्या गेल्या. ‘४२.३४ मीटरवर, भारतात कोठूनतरी’ अशी घोषणा होत असे.

या आकड्याकडे वाचकांनी जरा लक्ष द्यावे. ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७,०८० किलोसायकल. ही लहर हौशी मंडळींच्याच चाळीस मीटरच्या पट्ट्यात पडते. ती आकाशाच्या वरच्या थरावरून परतून शेकडो मैल जाते. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे पळसदेव घ्या. तेथील जुने गाव पुढे उजनीच्या जलाशयात गेले, आणि पाणी ओसरले की आता पळसनाथाचे जुने मंदिर तेवढे दिसू लागते. त्या काळी भीमाकाठच्या अशा गावापर्यंत मुंबईचा दडपलेला शब्द पोहोचविण्यास सह्याद्रीची अडचण नव्हती. कोणाजवळ ऐकण्याचा संच असला म्हणजे झाले. वक्ता काय बोलावे ते ठरवितो, पण कोणी ऐकावे हे लहर ठरविते. म्हणून लहर जुळविणारा हा मुका साह्यकर्ता नव्हे. तो अर्धा वक्ताच असतो. लोहाराची उपमा येथे लंगडी पडते.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी केंद्र पकडले. प्रिंटर त्यांच्या हाती लागले होते. पुढे ते माफीचे साक्षीदार झाले. बाबूभाई खाखर यांस पाच वर्षे, उषा मेहता यांस चार वर्षे, चंद्रकांत झवेरी यांस एक वर्ष अशा शिक्षा झाल्या. ‘शिकागो रेडिओ’चे नानक मोटवाने सुटले. उषा मेहता येरवड्यास होत्या. त्यांची सुटका १९४६ साली झाली.

माफीच्या साक्षीदाराविषयी तिखट लिहिणे सोपे असते. पोलिसांच्या ताब्यात मनुष्यावर काय ओढवते हे आरामखुर्चीत बसून तोलण्याचा अधिकार आम्ही आपणांकडे घेत नाही. ‘मी केवळ यंत्र केले’ असे प्रिंटर म्हणाले, असेही आमचे सुचविणे नाही. आमचे म्हणणे त्या युक्तिवादापुरते आहे. तो मान्य केला, तर यंत्रकाराचा अपराध जातो तसे त्याचे पुण्यही जाते. मग त्या केंद्राच्या कीर्तीत त्याचा वाटा उरत नाही. हा वाटा त्याला नाकारणे आम्हांस अन्यायाचे वाटते. त्याच्या बोटांवाचून ते शब्द एका खोलीच्या बाहेर गेले नसते. म्हणून शेवटी डळमळला तरी आरंभीचा तो साहसी मनुष्य इतिहासाने पुसून टाकू नये.

अधिक अवघड आक्षेप दुसराच आहे. गांधीजींस गुप्तता रुचत नसे. सत्याग्रहीने कायदा उघड मोडावा आणि शिक्षा उघड भोगावी, हा त्यांचा मार्ग. मग गांधीजींस मानणाऱ्यांनी निनावी केंद्र चालवावे, आणि नाव उच्चारूनच बोलावयाचे हा ज्याचा नियम त्या हौश्याने त्यास हात लावावा, हे विसंगत नव्हे काय? विसंगत आहे, असेच आम्ही म्हणू. तेथे उघडपणाचा नियम मोडला, आणि मोडला गेल्याची खूण पुसता येत नाही. मात्र सत्तेने वृत्तपत्रे बंद केली असता आपला पत्ताही तिच्या हाती द्यावा, हा आग्रह आम्हांस न्यायाचा वाटत नाही. पत्ता दिला असता तर दुसऱ्या दिवशी बोलावयास कोणी उरले नसते. आपण कोणाचे आहोत आणि कोठे ऐकू येऊ हे ते लपवीत नव्हते. मीटर ते रोज सांगत. खोली तेवढी सांगत नसत.