मुठीतलं बी

खामगाव तालुक्यातल्या आमच्या पिंपळगाव राजाकडे मृग कोरडा जायला लागला की दोन गोष्टी हमखास निघतात: भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीत आणि विठ्ठल वाघांचं तिफणीचं गाणं. भाकिताची झडती दिवाळीपर्यंत होऊन जाते. गाण्याची कुणी घेत नाही. ती घ्यावी, असं मला वाटतं.

राजदत्त यांच्या 1981 च्या ‘अरे संसार संसार’ या चित्रपटातलं हे गाणं. अनिल-अरुण यांच्या चालीवर ते घरोघर पोचलं आणि ज्यांनी जन्मात पेरणीची तिफण पाहिली नव्हती त्यांच्याही तोंडी तो शब्द बसला. (आमच्या तोंडी तो ‘तिफन’च.) गाण्यात गडगडणारं आभाळ आहे, राबणारी आई आहे, शेतातच निजवलेलं तिचं तान्हं आहे. यातलं काहीच कल्पनेतलं नाही. माझ्या वयाची कितीतरी माणसं तशीच बांधावरच्या झाडाखाली वाढली.

पण गाण्यातल्या बाईच्या मुठीत जे बी आहे, ते आलं कुठून? हा प्रश्न तिथं पडतच नाही, कारण ते घरचंच असणार. सरकी शेणामातीत चोळायची, वाळवायची, सरत्यातून सोडायची. पण 1970 सालीच शेजारच्या गुजरातेत एच-4 हा कपाशीचा संकरित वाण आला होता. संकरित बी महागाचं, आणि घरचं धरून पुढच्या वर्षी पेरावं तर पीक फसणार. ते तिफणीमागे मुठीनं कोण उधळणार? ते दोरी धरून, फुली पाडून, मोजून टोबायचं. म्हणजे गाणं गाजत होतं तेव्हाच कपाशीच्या वावरातून तिफण निघू लागली होती; ती उरली ज्वारीपुरती, तुरीपुरती.

गाणं म्हणजे काळाचा आरसा, असं आपण सहज म्हणून जातो. आरशापुढे माणूस भांग पाडूनच उभा राहतो, हे विसरतो. गाणं आलं त्याच्या आदल्याच वर्षी चाकणला कांद्याच्या भावासाठी शरद जोशींच्या मागं शेतकरी रस्त्यावर बसले होते. आमच्याकडचा कापूस 1972 पासून सरकारी एकाधिकारात जात होता आणि बैलगाड्या खरेदी केंद्राबाहेर ताटकळत होत्या. त्या गाड्यांवर गाणं झालं असतं तर ते लग्नात कुणी लावलं असतं का? मला शंका आहे.

म्हणून मी गाण्याला खोटं म्हणणार नाही. पेरणीचा तो एक दिवस असा असतो की कर्ज, भाव, व्यापारी यांतलं काही अजून वावरात शिरलेलं नसतं. गाण्यानं तेवढाच दिवस धरला. माझ्या पिढीनं तो दिवस गात गात पुढचं सगळं सोसलं: 2002 मध्ये बीटी बियाणं आलं, 2006 मध्ये शेतकरी आत्महत्यांसाठीच्या पंतप्रधानांच्या पॅकेजमधल्या सहा जिल्ह्यांत आमच्या बुलडाण्याचं नाव आलं. त्या यादीत आपलं नाव कशासाठी आहे, हे गावात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

हल्ली सोयाबीन ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रानं पडतं. कपाशीचं बी दुकानातून येतं. एका पाकिटात 475 ग्रॅम असतं, आणि पुढच्या जूनला ते पुन्हा विकत घ्यावं लागतं.