विसर पडलेल्या मनुष्यास विचारावे काय?

‘साठी बुद्धी नाठी’ अशी म्हण आपल्या भाषेत आहे, आणि ती बहुधा थट्टेने उच्चारली जाते. परंतु ज्या घरात आजा आपल्या नातवाचे नाव विसरतो, आजी जेवून उठल्याबरोबर ‘मला कोणी जेवू घातले नाही’ म्हणून रडते, किंवा म्हातारा सांजवेळी आपल्याच अंगणात उभा राहून ‘मला घरी न्या’ असे विनवितो, त्या घरात ही म्हण थट्टेची राहत नाही. तेथे हळूहळू आणखी एक गोष्ट घडते, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. म्हाताऱ्यास विचारणे बंद होते. बैल विकणे, नातीचे लग्न ठरविणे, खुद्द त्यालाच दवाखान्यात नेणे, ह्या सर्व गोष्टी त्याच्या देखत बोलल्या जातात. त्याच्याशी मात्र कोणी बोलत नाही. हे योग्य आहे काय, ह्याचा आज विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे समजून घ्यावे की, ही स्थिती म्हणजे वार्धक्याचा सहज परिणाम नव्हे. करणी नव्हे, आणि कोणाच्या पापाचे फळही नव्हे. वैद्यकशास्त्र तिला स्मृतिभ्रंश म्हणते. मेंदूच्या निरनिराळ्या रोगांनी ती येते. त्यांपैकी सर्वांत अधिक आढळणारा रोग जर्मन वैद्य अल्झायमर यांनी १९०६ साली विद्वानांच्या सभेपुढे मांडला, आणि आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या देशात साठ वर्षे व त्यांवरील वयाच्या माणसांत शेकडा ७.४ जणांस, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांस, स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत केला आहे. त्यातही शहरांपेक्षा खेड्यांत, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत, हे प्रमाण अधिक दिसले. तेव्हा हा श्रीमंत शहरवासीयांचा रोग आहे असे कोणी समजू नये. तो समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. म्हणूनच, अशा मनुष्याशी आपण कसे वागावे, हा प्रश्न औषधाच्या प्रश्नाहून लहान नाही.

कित्येक म्हणतील, ‘ज्यास आजचा वार ठाऊक नाही त्यास विचारून काय उपयोग? तो चूल पेटती ठेवून निघून जातो, रानात वाट चुकतो. त्याचे रक्षण करणे हेच आमचे कर्तव्य.’ ह्या बोलण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. रात्रंदिवस अशा आईबापांची सेवा करणाऱ्या सुना व मुली किती थकतात, हे त्यांनाच ठाऊक. परंतु रक्षण करणे निराळे आणि मोजदादीतून काढून टाकणे निराळे. ह्या दोहोंची गल्लत होते, तेथेच अन्याय सुरू होतो.

कारण की बुद्धी दिव्यासारखी एकदम विझत नाही. एखाद्या म्हातारीस पैशाचा हिशेब कळेनासा होतो, तरी पहाटे मोहाच्या झाडाखाली नेले असता तिचे हात फुले वेचू लागतात, आणि ती कशी वाळवावी हे ती सुनेस सांगते. सकाळी जे समजते ते सायंकाळी समजत नाही. मराठीत विचारलेले कळले नाही, तेच माडिया भाषेत विचारले असता ती चटकन उत्तर देते. ‘हिला काही कळत नाही’ हे वाक्य म्हणून बहुधा खोटे असते. ‘हिला ही गोष्ट, ह्या वेळी, ह्या भाषेत कळली नाही’ एवढेच खरे असते. आपल्या देशाच्या २०१७ सालच्या मानसिक आरोग्य कायद्यानेही हेच तत्त्व मानले आहे. उपचारांविषयी आपला निर्णय मनुष्य बोलून, चेहऱ्यावरील भावाने किंवा खुणेने सांगू शकला तरी तो ग्राह्य धरावा, आणि त्याचा निर्णय इतरांस चुकीचा वाटतो एवढ्यावरून त्यास निर्णयशक्ती नाही असे ठरवू नये, असे त्यात म्हटले आहे.

जगात अन्यत्र ह्या रोग्यांनी स्वतःच बोलण्यास आरंभ केला आहे. स्कॉटलंडात २००२ साली त्यांनी आपले एक मंडळ स्थापिले. ज्यास हा रोग आहे तोच त्याचा सभासद. ऑस्ट्रेलियातील क्रिस्टीन ब्रायडन ह्या बाईंस ऐन चाळिशीत हा रोग जडला. तरी २००३ साली अल्झायमर संस्थांच्या जागतिक संघाच्या कार्यकारी मंडळावर त्या निवडून आल्या. पूर्वी संशोधक केवळ घरच्यांस प्रश्न विचारीत. आता कोठे कोठे रोग्यांस बरोबर बसवून, ‘तुम्हांस काय शोधावेसे वाटते?’ असे विचारले जाते. आपल्या शेजारच्या गोव्यात स्थानिक माणसांस शिकवून घरोघर पाठविण्याचा एक प्रयोग झाला, व त्याचा वृत्तांत २००८ साली प्रसिद्ध झाला. त्याने सेवा करणाऱ्यांच्या मनावरील भार हलका झाला. मोठ्या इस्पितळावाचून, साध्या माणसांच्या हातून हे काम होऊ शकते, हे त्यावरून दिसते. परंतु घरच्यांचा भार हलका करणे हे अर्धे काम होय. ज्याचे जीवन आहे त्याचे मत घेणे हे दुसरे अर्धे.

हा विचार सूरजागडच्या मुलखातील वाचकांस परका वाटू नये. तेथील डोंगर लोखंडाच्या खनिजासाठी प्रसिद्ध आहे, आणि माडिया लोक त्यास ठाकूरदेवाचे स्थान मानतात. ‘ह्या डोंगराविषयी काही ठरविण्यापूर्वी आम्हांस विचारा’ असे तेथील ग्रामसभा म्हणत आल्या आहेत. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा ह्यांनी ग्रामसभेस विचारण्याचे बंधनही घातले आहे. खाणीच्या वादाचा निवाडा करणे हा ह्या लेखाचा विषय नव्हे. परंतु ‘ह्या लोकांस काय कळते? त्यांच्या हिताचे आम्हीच ठरवू’ हे शब्द कानी पडल्यावर मनास काय होते, हे त्या मुलखात कोणास सांगावयास नको. तेच शब्द आपण ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्याविषयी बोलतो काय, हे प्रत्येकाने पाहावे. जो न्याय आपण सरकारपाशी मागतो, तो घरात नाकारता येत नाही.

आता एक कठीण प्रश्न. एखाद्या वृद्ध बंधूने तरुणपणी मोहाची दारू सोडली. आता विसरामुळे तो ती पुन्हा मागतो. दुसरी वृद्ध भगिनी उपासनेत बसली असता एकाएकी बालपणीचे रेला गीत गाऊ लागते, आणि घरच्यांस लाज वाटते. येथे कोणाचे ऐकावे, पूर्वीच्या मनुष्याचे की आजच्या? आमच्या मते दोघेही एकच आहेत, आणि दोघांचाही मान राखावा. ज्या गोष्टीने त्याच्या जिवास किंवा दुसऱ्यास अपाय होतो, तेथे त्याने शुद्धीवर असता केलेला निश्चय आपण त्याच्या वतीने सांभाळावा. परंतु ज्यात कोणाचे नुकसान नाही, ज्याने त्याच्या मुखावर आनंद दिसतो, तेथे आजच्या मनुष्याचे ऐकावे. त्या भगिनीचे गाणे म्हणजे तिच्या श्रद्धेचा त्याग नव्हे. तिच्या आईने तिला जे प्रथम दिले, तेच तिच्यापाशी शेवटपर्यंत उरले आहे. तिला गप्प करू नये.

उपदेशक बंधूंनी काही साध्या गोष्टी घरोघर सांगाव्या. एका वेळी एकच गोष्ट विचारावी, तीही त्याच्या मातृभाषेत. दोन वस्तू पुढे धरून ‘ही की ती?’ असे विचारावे, आणि उत्तराची वाट पाहावी. तो रानाकडे निघाला तर दार लावण्यापूर्वी कोणी बरोबर जाता येते काय ते पाहावे. श्रावणबाळ योजनेचा पैसा त्याचा आहे, हे विसरू नये. वनहक्काच्या पट्ट्याच्या किंवा बँकेच्या कागदावर, त्यास उमज नसता, त्याचा अंगठा धरून उठवू नये. असा अंगठा म्हणजे संमती नव्हे, चोरी होय. आणि कोणी पाहणीसाठी प्रश्न विचारावयास आला, तर मुलाने होय म्हटले तरी म्हाताऱ्याने तोंड फिरविले असता तो त्याचा नकार समजावा.

असे विचारण्यात वेळ जातो, आणि पुष्कळदा उत्तरही मिळत नाही. तरी विचारणे व्यर्थ जात नाही. त्याने आपले नाव विसरले असेल. पण आपणास कोणी विचारतो की नाही, हे त्यास अजून कळते.