माझी गोळी, दुसऱ्याची जखम



काही दिवसांपूर्वी स्टोव्हच्या भडक्याने भाजलेल्या एका भगिनीला भेटायला मी रुग्णालयात गेलो होतो. वॉर्डच्या दारातच परिचारिकेने मला थांबवले. "फादर, आधी हात धुवा. आणि तिला हात लावू नका." आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवण्याची माझी सवय, त्यामुळे थोडे वाईट वाटले. तेव्हा ती म्हणाली, "आगीतून ती वाचली आहे. आता तिला तुमच्या-आमच्या हातांपासून वाचवायचे आहे."

तिचे म्हणणे खरे होते. फेब्रुवारी 2020 मध्ये शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला, भर रस्त्यात पेटवून दिलेली तरुण प्राध्यापिका आपण विसरलेलो नाही. ती आठवडाभर झुंजली. शेवटी जंतुसंसर्ग रक्तात भिनून तिचा अंत झाला. कातडी हे शरीराचे कुंपण आहे. ते जळाले की जंतूंना रान मोकळे. जळालेल्या कातडीत रक्त पोहोचत नाही, म्हणून शिरेतून दिलेले औषधही तिथे नीट पोहोचत नाही. त्यातच स्युडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर यांसारखे जंतू आज अनेक अँटिबायोटिक औषधांना दाद देत नाहीत. मग मूत्रपिंडांना अपाय होतो म्हणून एकेकाळी मागे पडलेले कोलिस्टिन डॉक्टरांना पुन्हा वापरावे लागते.

जंतू इतके चिवट कसे झाले? औषधाने दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात एक काल्पनिक गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो आपल्या मनाने पेनिसिलिन घेतो, तेही अपुरे. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. त्यांची लागण पत्नीला होते, तिला औषध लागू पडत नाही आणि ती मरण पावते. जबाबदार कोण? फ्लेमिंग यांचे उत्तर स्पष्ट होते: तो नवरा.

आपली अडचण अशी की आपल्याला ती पत्नी दिसत नाही. साध्या सर्दीसाठी मी नेरच्या दुकानातून अँटिबायोटिक आणतो, दोन दिवस घेतो, उरलेल्या गोळ्या प्रेमाने शेजाऱ्याला देतो. तिकडे यवतमाळ-नागपूरच्या वॉर्डात कुणी दगावते. माझ्या गोळीपासून त्या खाटेपर्यंतची वाट कुणीही दाखवू शकणार नाही. मग मी दोषी कसा? पापनिवेदनाच्या वेळी ही गोष्ट आपल्या मनातही येत नाही.

गावाच्या विहिरीत प्रत्येकाने मूठभर घाण टाकली, तर कोणाच्या मुठीने माणूस आजारी पडला हे सांगता येत नाही. म्हणून घाण टाकायला कुणी मोकळा होत नाही. दोष सिद्ध करायला पुरावा लागतो. जबाबदारी ओळखायला, आपली कृती कशात भर घालते एवढे कळणे पुरेसे आहे.

अर्थात सगळा भार रोग्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल. गरज नसताना औषध लिहून देणारे डॉक्टर आणि हात न धुणारे कर्मचारीही त्यात आहेत. आणि मजुरी बुडवून डॉक्टरकडे जाणे न परवडल्याने दुकानदारालाच औषध विचारणारा मजूर? त्याला बोल लावण्याआधी त्याच्यासोबत दवाखान्यात जाणे, हे आपले काम आहे.

मार्च 2014 पासून अनेक अँटिबायोटिक औषधांच्या विक्रीची, चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरच्या नावासह, नोंद ठेवणे दुकानदाराला बंधनकारक आहे. पाकिटावर लाल उभी रेघ दिसली की चिठ्ठीशिवाय ते मागू नये. डॉक्टरांनी दिले तर सांगितले तेवढेच, सांगितले तितके दिवस घ्यावे. उरलेले कुणालाही देऊ नये.

त्या दिवशी मी हात धुतले आणि खाटेपासून दूर उभे राहून प्रार्थना केली. तिने डोळे उघडून पाहिले. तिच्या डोक्यावर हात ठेवता आला नाही, आणि तेच तिच्या भल्याचे होते.

आपला,
धर्मगुरू