सोबत ओळखू न आली तरी

“देव तुमच्याबरोबर आहे,” हे वाक्य आपल्या मंडळ्यांतून वारंवार ऐकू येते. मुलगा नोकरीसाठी परगावी निघाला, घरातले माणूस इस्पितळात दाखल झाले, किंवा कबरस्तानातून मंडळी परतली, की ते सहजच आपल्या ओठांवर येते. पण ऐकणाऱ्याच्या मनात पुष्कळदा एक प्रश्न असतो व भिडेपोटी तो विचारला जात नाही: “देव बरोबर आहे, तर मला तसे वाटत का नाही?” हा प्रश्न अविश्वासाचा नव्हे. तो प्रामाणिक प्रश्न आहे व त्याला प्रामाणिक उत्तर मिळाले पाहिजे.

देवाचे सान्निध्य ही एक गोष्ट आणि त्याची जाणीव ही दुसरी. जाणीव आपल्या प्रकृतीप्रमाणे, झोपेप्रमाणे, दुःखाप्रमाणे कमीजास्त होते. सान्निध्य मात्र देवाच्या अभिवचनावर उभे आहे. भावाच्या रागाला भिऊन बैर-शेब्याहून हारानाकडे पळालेला याकोब धोंडा उशाला घेऊन निजला, तेव्हा आपण एकटेच आहोत असे त्याला वाटत होते. परमेश्वर त्याच ठिकाणी होता, हे त्याला जागे झाल्यावर कळले.

लूककृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायातील अम्माऊसची वाट हेच अधिक स्पष्ट करते. पुनरुत्थानाच्या दिवशी क्लयपा व त्याचा सोबती यरुशलेमेहून निघाले. वाट सुमारे सात मैलांची. आशा संपली म्हणून ते खिन्न होते. प्रभू त्यांच्याबरोबर चालू लागला, पण त्यांनी त्याला ओळखले नाही. ओळखले नाही म्हणून तो बरोबर नव्हता काय? पुढे भाकर मोडताना ओळख पटली आणि तत्क्षणी तो दिसेनासा झाला. तरी ते पुन्हा खिन्न झाले नाहीत. दिवस उतरला असतानाही ते त्याच घटकेस उठून यरुशलेमेस परतले. दृष्टी गेली, पण खात्री राहिली. शिवाय वाटेत आपले अंतःकरण का पेटले होते, हेही त्यांना उमगले ते मागे वळून पाहिल्यावरच.

आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातही असेच दिसते. बालपणापासून तीर्थयात्रा व पुराणकथन करीत त्या आईवडिलांबरोबर देशभर हिंडल्या. दुष्काळाच्या वर्षांत आईवडील व थोरली बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती गेले. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, तरी ख्रिस्ताची खरी ओळख आपल्याला त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी पटली, असे त्यांनी १९०७ सालच्या आपल्या साक्षीत सांगितले आहे. म्हणजे मुंबईत १८८९ साली शारदा सदन काढले, तेव्हाही ती पूर्ण खात्री त्यांच्यापाशी नव्हती. खात्री आल्यानंतरही दुःख थांबले नाही. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा गेली. पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम मात्र त्यांनी सोडले नाही. वर्षाच्या आत, १९२२ च्या एप्रिलमध्ये, त्याही प्रभूकडे गेल्या.

यावरून दोन गोष्टी शिकाव्यात असे वाटते.

पहिली शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी. “देव बरोबर असला की काही वाईट होत नाही,” असे मुलांना शिकवू नये. ज्या मुलाचा बाप आजारातून उठला नाही, त्याच्यापुढे हा धडा एका दिवसात कोसळतो व त्याबरोबर मुलाचा विश्वासही. मेंढपाळाच्या स्तोत्रात काळोखाची दरी टळत नाही. दरीतही मेंढपाळ असतो, एवढेच आश्वासन आहे आणि तेवढे पुरेसे आहे.

दुसरी गोष्ट आपणा सर्वांसाठी. मागे वळून पाहिल्यावर जे कळते, ते वाटेत कोसळलेल्या माणसावर लादू नये. “यात देवाची योजना आहे,” असे त्याने स्वतः एक दिवस म्हणावे. आपण पहिल्याच दिवशी म्हणू नये. अम्माऊसच्या वाटेवर प्रभूने पुढे त्या दोघांची कानउघाडणी केली, शास्त्रही उलगडले. परंतु आधी, तुम्ही काय बोलत आहात असे विचारले व त्यांचे सारे दुःख ऐकून घेतले. आपण मात्र पुष्कळदा उपदेश आधी करतो आणि ऐकण्यास वेळ उरत नाही.

काहींना मात्र मागे वळून पाहूनही काहीच दिसत नाही. त्यांच्यासाठी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र आहे. ते अंधारातच संपते, तरी ते प्रार्थना आहे व पवित्र शास्त्रात त्याला जागा आहे. खुद्द आपल्या प्रभूनेही वधस्तंभावर टाकून दिल्याची वेदना बोलून दाखविली. पण त्या हाकेतही त्याने देवाला आपला देव म्हटले.

म्हणून प्रिय वाचकहो, आज सोबत जाणवत नसेल तर स्वतःला दोष देऊ नका. प्रार्थनेला शब्द सुचत नसले तरी पाऊल पुढे टाका. आणि शेजारचे घर दुःखात असेल, तर या आठवड्यात तेथे जाऊन थोडा वेळ बसा. “देव तुमच्याबरोबर आहे” हे वाक्य खरे आहे; आपण जवळ बसलो म्हणजे ते ऐकणाऱ्याला खरे वाटू लागते.