मोर्तबाच्या आधी

‘मोबाइल खोटं नाही बोलत, गुरुजी. जो साफ आहे त्याले तज्ज्ञ कायले लागते?’ महागावच्या एका टपरीवर चहा घेता घेता एका निवृत्त जमादारांनी हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले की, उत्तर न सुचल्यामुळे मी नुसता चहा फुंकीत राहिलो. आणि पुढले आठ दिवस ते वाक्य धोतराला चिकटलेल्या कुसळासारखे टोचत राहिले.

संगणकावरील पुरावा आज अनेक फौजदारी खटल्यांत असतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही. मला खटकतो तो पंचनाम्यातला ‘मिळून आले’ हा शब्दप्रयोग. वस्तू मिळून येणे हा एक वृत्तान्त, आणि ती तेथे कोणी ठेवली हा सर्वस्वी निराळा. परंतु मुद्देमाल गादीखालचा कोयता असेल तर आपण हा भेद सहज करतो, आणि तोच मुद्देमाल संगणकातले पत्र असेल तर विसरतो.

येथे थोडे आडवाटेस जातो. जुन्या काळी राजपत्राच्या आरंभी शिक्का आणि अखेरीस मोर्तब उठवीत. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा असे. तिचा अर्थ इतकाच की, येथे लेखनाची मर्यादा झाली, यापुढे कोणी एक अक्षरही घुसडू नये. संचिकेचा हॅश क्रमांक म्हणजे आजचे मोर्तबच: मजकुराचा एक बिंदू हलला तरी तो समूळ बदलतो. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 63व्या कलमातील प्रमाणपत्रात तो नोंदवावा लागतो आणि तज्ज्ञाची सहीही लागते. व्यवस्था उत्तमच, पण मोर्तब पुढची घुसखोरी थांबवते, आधीच्या घुसखोरीविषयी ते मुके असते.

याचे ठळक उदाहरण एल्गार परिषद खटल्याचे. 17 एप्रिल 2018 रोजी पुणे पोलिसांनी दिल्लीत या खटल्यातील एक आरोपी रोना विल्सन यांचा संगणक जप्त केला. बचाव पक्षाला मिळालेल्या त्याच्या प्रतीचे परीक्षण अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने केले, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात म्हटले की, जून 2016 मध्ये एका ईमेलवाटे नेटवायर हा हेरगिरीचा प्रोग्राम आत शिरला, सुमारे 22 महिने परक्याच्या ताब्यात असलेल्या त्या यंत्रात त्यांना गोवणारी किमान दहा पत्रे लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवली गेली, आणि त्या यंत्रात वर्ड 2007 असताना पत्रे मात्र 2010 किंवा 2013च्या आवृत्तीवर सिद्ध झालेली होती. ज्या घरात केवळ बोरू आहे तेथे टाकाने लिहिलेली चिठ्ठी मिळून यावी, असा हा प्रकार! आमच्या विदर्भातले, नागपूरचे वकील आणि याच खटल्यातील आरोपी सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाविषयीही या संस्थेने असाच निष्कर्ष काढला. हे कोणी केले, ते मात्र अहवाल सांगत नाही.

जमादारसाहेब यावर म्हणणार, सरकारी प्रयोगशाळेचं काय? त्यांचे म्हणणे अगदी निराधार नाही. राष्ट्रीय तपास यंत्रणेने पुण्याच्या प्रयोगशाळेच्या अहवालाचा आधार घेऊन असा कोणताही प्रोग्राम आढळला नाही, असेच म्हटले आहे. शिवाय शासकीय शास्त्रज्ञाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो. खासगी तज्ज्ञाला पिंजऱ्यात उभे राहून उलटतपासणी सोसावी लागते. ही विषमता मला अन्यायाची वाटते, आणि प्रत्येक गरीब आरोपीला सरकारी खर्चाने स्वतःचा तज्ज्ञ मिळावा, असे ठणकावून लिहिण्यासाठीच मी लेखणी उचलली होती.

परंतु पुढे काय झाले? मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये विल्सन यांना जामीन दिला तो दीर्घ कारावास आणि सुरू न झालेला खटला या कारणांनी. अहवालाच्या सत्यासत्यतेचा निवाडा तेव्हा झालाच नाही. याच खटल्यातील आरोपी फादर स्टॅन स्वामी 5 जुलै 2021 रोजी कोठडीत असतानाच मुंबईच्या रुग्णालयात वारले. त्यांच्या संगणकाविषयीचा आर्सेनलचा अहवाल डिसेंबर 2022 मध्ये आला. उलटतपासणीची तारीखच लागत नसेल, तर तज्ज्ञ आरोपीचा असो की सरकारचा, त्याची विद्वत्ता दप्तरातच पडून राहणार. म्हणून माझी मागणी आता बदलली आहे: जप्तीच्या क्षणीच आरोपीच्या हाती प्रत द्या, खटला वेळेत उभा करा, तज्ज्ञ तिसरा.

काल जमादारसाहेब पुन्हा भेटले. फोन जप्त करताना घरच्यांना काय देत होता, असे मी विचारले. ‘पावती देत होतो ना, गुरुजी,’ ते म्हणाले. त्या पावतीवर फोनची कंपनी असे, रंग असे, फुटलेल्या काचेचीही नोंद असे. आत काय होते, त्याचा रकाना नव्हता.