दाराचें चित्र आणि दाराचा धनी

जुन्या दारांचीं छायाचित्रें काढण्याचा छंद अलीकडे पुष्कळांना लागला आहे. सोलापूरच्या जुन्या पेठांतून हिंडतांना एखाद्या नक्षीदार चौकटीपुढें थबकून खिशांतील फोन बाहेर काढणारा मनुष्य आतां कोणाच्या विस्मयाचा विषय राहिलेला नाहीं. छंद निरुपद्रवी दिसतो. त्यांत कोणाच्या वस्तूला हात लागत नाहीं कीं कोणाचें कांहीं कमी होत नाहीं. तथापि जे छंद इतके निरुपद्रवी दिसतात त्यांचीच नैतिक बाजू तपासावयाची राहून जाते. दुसऱ्याच्या घराच्या दारावर आपला हक्क किती, आणि त्याचें सौंदर्य टिपून घेतल्यावर त्या घराविषयीं आपलें कांहीं कर्तव्य उरतें किंवा नाहीं, या दोन प्रश्नांचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम छंदाच्या बाजूनें जें न्याय्य आहे तें सांगितलें पाहिजे. दार घराचें असलें तरी त्याची एक बाजू रस्त्याची असते. सोलापूरकडील जुनें माळवदी घर पाहा. उन्हाचा ताप आंत येऊं नये म्हणून जाड भिंती, वर मातीचें सपाट छप्पर, रस्त्याकडे खिडक्या बेताच्याच. अशा मुक्या भिंतींत बोलकी जागा काय ती दाराची. घर बांधणारानें आपली ऐपत, हौस आणि श्रद्धा तेथेंच खर्च केलेली असते. चौकटीच्या माथ्यावरील गणेशपट्टी, बाजूंची वेलबुट्टी, पितळी कड्या, मोठ्या दाराच्या पोटांतील दिंडी, हें सर्व येणाऱ्याजाणाऱ्यानें पाहावें म्हणूनच केलेलें असतें. सुतारालाही आपलें काम भर रस्त्यांत उभें राहणार हें ठाऊक होतें. मग पाहणारानें तें पाहिलें, आणि पाहिलेलें जवळ ठेवावेंसें त्याला वाटलें, तर त्यांत आगळीक कसली?

शिवाय दार आणि छायाचित्र यांचा संबंध जवळजवळ या कलेच्या जन्माइतका जुना आहे. ‘दि पेन्सिल ऑफ नेचर’ हा छायाचित्रांनीं युक्त अशा अगदीं आरंभींच्या ग्रंथांपैकीं एक. त्यांत टॅल्बट या इंग्रज संशोधकानें १८४४ सालीं काढलेलें एका उघड्या दाराचें चित्र आहे. दाराशीं एक साधा झाडू टेकून ठेवलेला आहे. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं आत्जे या फ्रेंच छायाचित्रकारानें पॅरिसचीं जुनीं दारें आणि त्यांवरील ठोकण्याच्या कड्या मोठ्या चिकाटीनें टिपल्या. जुनें पॅरिस पालटत असतां त्या चित्रांना दप्तराचें मोल आलें. जें दार उद्यां राहणार नाहीं त्याची आज नोंद झाली तर तें चांगलेंच, हें कोणीही मान्य करील.

परंतु नोंद आणि निव्वळ संग्रह यांत अंतर आहे. टॅल्बटच्या चित्रांतील दार उघडें आहे. त्यांतून आंतला अंधार दिसतो, आणि झाडूवरून तेथें कोणाचा तरी वावर आहे हें कळतें. आमच्या छंदी गृहस्थाला मात्र दार बंद हवें असतें, कारण बंद दारावरच नक्षी पुरी दिसते. ओट्यावर बसलेली म्हातारी, भिंतीला लावलेली सायकल, वाळत घातलेलें लुगडें यांची त्याला अडचण वाटते. तो चौकटीच्या कडेवर चित्र कापतो. घर गळतें, गल्ली गळते, आणि हातीं राहतें तें लाकूड. आतां, नक्षी रस्त्याच्या बाजूला असली तरी रात्रीं घर राखणारी आगळ आंतल्या बाजूला, भिंतीच्या पोटांत सरकविलेली असते. ती या चित्रांत कधींच येत नाहीं. आंत कोणाला घ्यावें आणि कोणाला उंबरठ्याबाहेर ठेवावें, हें ठरविण्यासाठीं दार असतें. ज्या वेलबुट्टीचें आपण कौतुक करतों तिच्याखालून कित्येकांना पिढ्यान्‌पिढ्या आंत येतां आलें नाहीं, हेंही चित्र सांगत नाहीं.

घरावांचून दाराचें काय होतें याचें एक उदाहरण इतिहासांत आहे. १८४२ सालीं गव्हर्नर-जनरल एलनबरो यानें गझनी येथील महमुदाच्या कबरीचीं दारें हिंदुस्थानांत आणविलीं, आणि तीं सोमनाथाच्या देवळाचीं होत असा जाहीरनामा काढला. तीं चंदनाचीं म्हणून समजूत होती; लाकूड देवदाराचें ठरलें. सोमनाथास तीं कधींच पोंचलीं नाहींत. आग्ऱ्याच्या किल्ल्यांत राहिलीं, तीं अजून तेथेंच आहेत. ना कबरीचीं, ना देवळाचीं. आपल्याकडील वाड्यांच्या दारांचीही हीच गत होते. वाडा पडला कीं दार व्यापाऱ्याकडे जातें, आणि पुढें एखाद्या उपाहारगृहाच्या भिंतीला शोभेसाठीं टेकविलें जातें, किंवा वर कांच घालून त्याचें मेज केलें जातें. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांतही जुनीं कोरीव दारें आहेत. परंतु तेथें तें दार आतां कोणाचें दार राहिलें नाहीं, हें निदान प्रामाणिकपणें मान्य केलेलें असतें. एकट्या दाराचें सौंदर्य ज्या चित्रांनीं लोकांस दाखविलें, त्यांनींच दार घरापासून वेगळें काढतां येतें हीही कल्पना रुजविली असें म्हणावें लागतें.

आतां धन्याकडे पाहूं. आपण ज्याला गतवैभव म्हणतों तें त्याच्या दृष्टीनें पावसाळ्यांत फुगणारें, उन्हाळ्यांत भेगाळणारें आणि वाळवीनें पोखरलेलें लाकूड असतें. घराच्या वांटण्या झालेल्या असतात. सगळ्या हिस्सेदारांच्या संमतीवांचून एक तुळई बदलणें कठीण असतें. म्हाताऱ्या आईला उंच उंबरठा ओलांडवत नाहीं. अशा वेळीं तो दार विकतो आणि लोखंडी दार बसवितो. मग काल ज्यानें चित्र काढलें तो हळहळतो, “लोकांना जुन्याची कदर नाहीं!” हा उद्गार मला अन्यायाचा वाटतो. हळहळणारानें त्या दाराला ना कधीं तेलाचा हात दिला, ना सुताराची मजुरी. सौंदर्य आपण भोगावें आणि त्याचा भार दुसऱ्यानें वाहावा, ही व्यवस्था ज्यानें बिनतक्रार पत्करली, त्यानें त्या दुसऱ्याकडे हिशेब मागूं नये. शिवाय त्याची हळहळही फार काळ टिकत नाहीं, कारण चित्र त्याच्याजवळ असतें. आणि चित्र आहे म्हणून दार गेल्याचें दुःख हलकें होतें.

सोलापूरला दारें जाणें नवें नाहीं. वाढत्या शहराला जागा हवी म्हणून १८७२ च्या सुमारास नगरपालिकेनें जुन्या तटाचा बराच भाग पाडला. तट गेला, तरी तुळजापूर वेस, विजापूर वेस, बाळीवेस हीं नांवें अजून रोजच्या बोलण्यांत आहेत. रिक्षांत बसणारा मनुष्य वेशीचें नांव सांगतो आणि रिक्षावाला त्याला बिनचूक नेऊन सोडतो. तेथें ये-जा चालू राहिली म्हणून नांव राहिलें. त्यासाठीं कोणाला वेशीचें चित्र जवळ बाळगावें लागलें नाहीं.

मग हा छंद सोडावा काय? तसें म्हणण्याचें कारण नाहीं. चित्र काढण्यापूर्वीं कडी मात्र वाजवावी. “कोण आहे?” असा प्रश्न आंतून यावा आणि आपण त्याला उत्तर द्यावें, यांत दाराचा मान राहतो. नकार मिळाला तर निमूटपणें पुढें जावें. नकार देणें हेंही दाराचें एक कामच आहे. होकार मिळाला तर गल्लीचें नांव आणि वर्ष टिपावें, सुताराचें नांव घरांत कोणाला आठवत असल्यास तेंही विचारून लिहून घ्यावें. ओटा, उंबरठा आणि त्यावर बसलेलीं माणसें त्यांची हरकत नसेल तर चित्रांत राहूं द्यावीं. आगळ पाहावयास मिळेल काय, असें विचारावें. आणि चित्राची एक प्रत त्या घरीं पोंचती करावी.

एवढें केल्यानें दार वाचेलच असें नाहीं. धनी तें उद्यां विकील, आणि तो त्याचा हक्कच आहे. परंतु त्या दिवशीं आपण हळहळलों तर ती हळहळ ओळखीच्या माणसाची असेल, आणि त्या घराच्या नव्या लोखंडी दाराची कडी वाजविण्यासही आपल्याला संकोच वाटणार नाहीं.