वारा सर्वांचा, माळ कुणाचा?

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी, वनकुसवडे ही पठारे आता पवनचक्क्यांमुळे ओळखली जातात. या विजेला धूर नाही, राख नाही, कोळशाची खाण नाही. धरणासारखी गावेच्या गावे उठवावी लागत नाहीत. अशा विजेला कोण नाही म्हणेल? तरीही जगात जिथे जिथे पवनचक्क्या आल्या, तिथे बहुतेक ठिकाणी त्यांच्याबरोबर जमिनीचे तंटेही आले. त्यामागे केवळ अडाणीपणा किंवा पैशाचा लोभ आहे, असे म्हणून मोकळे होता येणार नाही.

पवनचक्कीच्या पायाला जमीन थोडीच लागते. पण लांबलचक पाती वर न्यायची तर डोंगर कापून रस्ता करावा लागतो, मनोरे उभारून तारा ओढाव्या लागतात. ज्याच्या सातबाऱ्यात पाया येतो, त्याला पैसे मिळतात. बांधापलीकडच्याच्या वाट्याला पात्यांचा आवाज आणि फिरती सावली येते. आणि जो पिढ्यान्‌पिढ्या त्या माळावर नुसती गुरे-मेंढरे चारत आला, ज्याचे नाव कोणत्याच उताऱ्यावर नाही, तो हिशेबातच धरला जात नाही. दप्तरात त्या माळाची नोंद ‘पडीक’ अशी असते. ज्याची जित्राबे त्या माळावर जगली, त्याने त्याला पडीक कधीच म्हटले नसते.

आपल्याकडे २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जेचा समावेश नाही. मोठ्या औष्णिक प्रकल्पाला जी जनसुनावणी घ्यावी लागते, ती या अधिसूचनेखाली पवनचक्कीला लागत नाही. वीज स्वच्छ, म्हणून सवलत. पण हेतू चांगला असला की विचारण्याचे कर्तव्य संपते काय? खरा नैतिक प्रश्न हा आहे.

नॉर्वेतील फोसेन भागात या प्रश्नाची कसोटी लागली. तेथील सामी हे आदिवासी लोक रेनडिअर पाळतात. त्यांच्या हिवाळी कुरणांवर स्टोरहेया आणि रोआन येथे मिळून १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. खालच्या न्यायालयाने जनावरांना चारा पुरवण्यासाठी मोठी भरपाई ठरवली होती. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी एकमताने परवाने अवैध ठरवले. सामींचा आपल्या संस्कृतीनुसार जगण्याचा हक्क डावलला गेला, असे न्यायालयाने म्हटले. तोवर पाती फिरू लागली होती आणि निकालानंतरही फिरत राहिली. २०२३ साली सामी तरुणांनी ऑस्लोत मंत्रालयात ठाण मांडले. पुढे २०२३ च्या डिसेंबरात आणि २०२४ च्या मार्चमध्ये तडजोडी झाल्या. पवनचक्क्या जागच्या जागीच राहिल्या. हक्क मान्य झाला, पण कुरण परत मिळाले नाही. आधी उभारायचे आणि मग विचारायचे, याचा शेवट असा होतो.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येकाला विचारत बसलो तर काम होणार कधी? तापमान वाढते आहे आणि त्याची झळ गरिबालाच आधी लागते. हे म्हणणे खोटे नाही. पण विचारणे म्हणजे प्रत्येकाच्या हाती नकाराचा हुकूम देणे नव्हे. उत्तराने काही बदलू शकेल अशा वेळी विचारणे, एवढाच त्याचा अर्थ. रस्ता इकडून न्यावा की तिकडून, चराईची वाट मोकळी ठेवावी की नाही, हे नकाशा कोरा असताना विचारता येते. नंतर उरते ती सहीपुरती ग्रामसभा.

डेन्मार्कने दुसरा मार्ग काढून पाहिला. २००९ पासून तेथे साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना प्रकल्पातील किमान २० टक्के हिस्सा विकत घेण्याची संधी देणे बंधनकारक होते. २०२० साली ही तरतूद रद्द झाली. शेजाऱ्याला भागीदार मानणारी ही कल्पना चांगलीच. पण हिस्सा विकत घ्यावा लागतो आणि ज्याच्या गाठीला पैसा नाही तो इथेही बाहेरच राहतो. तेव्हा हिस्सा ही विचारण्याची जागा घेऊ शकत नाही, आणि भरपाई तर नाहीच.

मोबदला जमिनीचा देता येतो. माणसाला मोजलेच नाही, त्याचा मोबदला कुठल्या दराने देणार? वारा सर्वांचा आहे, हे कबूल. म्हणूनच त्यापासून होणाऱ्या विजेचा भार ज्याच्या माळावर पडतो, त्याचा शब्द सर्वांत आधी ऐकला गेला पाहिजे, मग त्याचे नाव उताऱ्यावर असो वा नसो.